तारेवरचे चिमटे

माय, आज दुपारी आमच्या मासिकाचा शेवटचा छापील अंक टेबलावर आला. यापुढे मासिक फक्त फोनवर दिसणार. सगळे अंकाभोवती गोळा झाले, कोणी फोटो काढले, कोणी केक आणला होता. मी तो उघडला, हवं ते पान पाहिलं, मिटला आणि पर्समध्ये टाकला. तेव्हापासून तुझ्याशी बोलायचं डोक्यात घोळतंय. तू जाऊन इतकी वर्षं झाली की आता तुझा चेहरा मला मुद्दाम आठवावा लागतो. आवाज मात्र मशीनबरोबर आपोआप येतो. कुठेही शिलाई मशीन चालू असली की खटखटखट, मग एकदम शांत, मग तू दाताने दोरा तोडतेस आणि म्हणतेस, "ए पोट्टे, इकडं ये, काज कर." मी अजून वळून पाहते. इथे मुंबईत, भर रस्त्यात, शहाणी बाई असून.

आपली मूल गावातली ती सपरी, घरापुढची पडवी, मला स्वप्नात दिसते तेव्हा तिथे नेहमी दुपार असते. पुढे रस्ता, रस्त्यापलीकडे राइस मिल, मिलचा कोंडा हवेत तरंगत येऊन तुझ्या मशीनच्या चाकावर बसायचा आणि तू फडक्याने पुसत राहायचीस. डोक्यावर या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत एक तार. तारेवर शिवून झालेले ब्लाऊज चिमट्यांनी लटकवलेले, लाल, पिवळे, पोपटी, वारा आला की सगळे मिळून हलायचे. मी खाली बसून हुक लावत असायची आणि वर पाहिलं की वाटायचं, बायका नुसत्या वर कुठेतरी उडून गेल्यात आणि कपडे इथे विसरल्यात. चंद्रपूरहून गडचिरोलीला जाणारी बस यायची. तिच्यातून महिन्याला एकदा मासिकांचा गठ्ठा उतरायचा आणि त्यातलं एक स्टँडवरचे पेपरवाले काका आपल्याकडे पाठवायचे. ते आलं हे गावाला कसं कळायचं देव जाणे! तासाभरात सपरीत बसायला जागा नसायची.

वाचायचं कमी आणि पाहायचं जास्त. ज्यांना वाचता येत नव्हतं त्याही पाहायच्या. विडीच्या तेंदूपत्त्याचा हंगाम संपला की चार पैसे घेऊन जंगलातल्या गावांहून बायका यायच्या, सावलीत टेकायच्या आणि पानं अशी हळू उलटायच्या की जणू झोपलेल्या लेकराच्या अंगावरचं पांघरूण नीट करतायत. तुझा एक नियम होता. कोणी डिझाइन निवडायला बसली की तू लाकडी पट्टी घेऊन फोटोतल्या बाईच्या तोंडावर आडवी ठेवायचीस. "चेहरा नोको पाहू वो, गळा पाहा. चेहरा पाह्यला का बाई हरखते, मंग शिवणारीचं मरण." पट्टी नसली की अंगठा. आपल्या घरातल्या जुन्या अंकांमध्ये सगळ्या बायकांच्या तोंडावर तुझ्या अंगठ्याचा मळका डाग आहे.

आणि तो उन्हाळा विशेषांक आठवतो? पानभर गोरी बाई, बिनबाह्यांचा ब्लाऊज, भर उन्हात दगडी पायऱ्यांवर बसून हसते आहे. आपल्याकडे वैशाखात बाई बाहेर पडते ती डोळे तेवढे उघडे ठेवून, बाकी सगळं दुपट्ट्यात. शेजारची काकू ते पान पाहून म्हणाली, "हिले चंद्रपूरच्या स्टँडवर बसवा बारा वाजता, मंग पाहू कशी हासते थे!" तू इतकी हसलीस की सुई टोचली. पुढे मीच त्या मासिकात कामाला लागले आणि माझ्या वाट्याला पहिलंच काम आलं ते उन्हाळा विशेषांकाच्या फोटोखाली ओळी लिहिण्याचं. मी संपादकबाईंना म्हटलं, आमच्याकडे हे घालून कोणी उन्हात गेलं तर सलाइन लावावं लागेल. त्या म्हणाल्या, "तुमच्याकडे आपला अंक जातो?" मी म्हटलं, जातो ना, बसच्या टपावरून जातो. त्यांना ते खरं वाटलं नाही बहुतेक.

पण मला सांगायचं आहे ते मोरपंखी ब्लाऊजचं.

सिस्टर आठवते ना तुला. तशी विसरणार कशी तू! आरोग्य उपकेंद्रात नवीन लागलेली, गडचिरोलीकडच्या जंगलातल्या गावची, त्यांच्या गावातून नोकरीला लागलेली पहिली मुलगी. पांढरी साडी, पायात पांढरी चप्पल, बसमधून उतरली की आधी आपल्याकडे पाणी प्यायची, मग ड्युटीवर. तिचं लग्न ठरलं. ती एका संध्याकाळी मोरपंखी सॅटीनचं कापड घेऊन आली आणि मासिकातलं एक पान उघडून तुझ्यासमोर धरलं. पट्टी ठेवायच्या आधीच म्हणाली, "मावशी, चेहरा नाई पाहून राह्यली मी. खरंच बिलाऊज पाहून राह्यली." त्या फोटोतली बाई एक हात कमरेवर ठेवून उभी होती. खांद्यापासून कमरेपर्यंत एक सुरकुती नाही, एक चुणी नाही. कापड अंगावर ओतल्यासारखं. तू बराच वेळ पाहत बसलीस. मला अजून दिसतं, तू ओठात टाचणी धरली आहेस आणि डोळे बारीक केले आहेस. तुझ्या चेहऱ्यावर मी तशी भूक पुन्हा पाहिली नाही. परकर, शाळेचे गणवेश, साध्या चोळ्या शिवून शिवून कंटाळलेल्या तुझ्या हाताला शेवटी एक तोडीचं काम मिळालं होतं.

तू शिवलास. सिस्टरने घालून पाहिला. सुरेख बसला होता, माय, मी तिथेच होते. पण तिने पान उघडलं, आरशात पाहिलं, पुन्हा पान पाहिलं आणि अगदी हळू म्हणाली, "मावशी, फोटोत एक चुणी नाई. माझा इथी काऊन फुगते?" ती भांडली असती तर बरं झालं असतं. भांडणाऱ्या गिऱ्हाइकाला तू दोन शब्द सुनवायचीस आणि विसरायचीस. ही तर स्वतःचीच चूक असल्यासारखी बोलत होती, आपलं अंगच बरोबर नाही असं. तू उसवलास. पुन्हा शिवलास. पुन्हा चुणी. पुन्हा उसवलास, बाजूची शिलाई आत घेतलीस, बाहीचा मुंढा कापलास. आपल्या घरात ते दिवस कोणी मोठ्याने बोलत नव्हतं. बाबासुद्धा जेवताना ताटाकडे पाहून जेवायचे. शेवटी एक दिवस तो हुबेहूब बसला. एक चुणी नाही. तू टाळी वाजवलीस, खरोखर वाजवलीस. सिस्टर आरशासमोर उभी होती, हसत होती. मग तिने हात वर करायला घेतला आणि तो खांद्याच्या वर जाईना.

"हात वर होत नाई, मावशी. पेशंटले सलाइन कशी लटकवू? हार तरी कसा घालू त्याले?"

हाराचं ऐकून मी हसले. तुम्ही दोघी हसला नाहीत. सिस्टरने लग्नात साधा ब्लाऊज घातला, तूच शिवलेला, जुन्या मापाचा. मोरपंखी तिने नेला नाही. तू त्याची शेवटची शिलाई उसवून तो तिच्या खऱ्या मापात आणून ठेवलास, येईल कधी मागायला म्हणून, आणि लोखंडी पेटीत तळाशी ठेवून दिलास. त्याच दुपारी मी चिडून ओरडले होते, "फोटोच खोटा असन!" तू माझ्या हातावर फटका मारलास. जोरात नाही, पण मारलास. "फोटो खोटा नाई राहत. काऊन दुसऱ्याले नावं ठेवतं? हात कमी पडला आपला, तसं म्हणावं." आणि तू भिंतीवर चिकटवलेली मासिकाची सगळी पानं एकेक करून काढलीस. त्यानंतर कोणी डिझाइनचं म्हटलं की तुझं एकच उत्तर असायचं: "माझा हात नाई बसत त्याच्यात. चंद्रपूरले जा." बायका चंद्रपूरला जाऊ लागल्या. मासिक मात्र तू बंद केलं नाहीस. गिऱ्हाईक नसलं की मांडीवर उघडं ठेवून पाहत बसायचीस, पट्टी न ठेवता, आता चेहऱ्यासकट. मी विचारलं, काय पाहून राह्यली? म्हणालीस, "काई नाई. पाह्याले काय जाते."

मग मी नागपूरला शिकायला गेले आणि दुसऱ्या वर्षाला असताना तू गेलीस. ते मी लिहीत नाही. ते मला येत नाही अजून.

मुंबईला आले, त्याच मासिकात लागले. तुझं स्वप्न पुरं करायला वगैरे नाही गं, जाहिरात निघाली होती आणि मला ओळी बऱ्या जमायच्या. पण पहिल्यांदा फोटो काढताना पाहायला गेले तेव्हा नवी साडी नेसून गेले हे कबूल. मोठा अंधारा हॉल, मध्ये तेवढा उजेड, आणि उजेडात एक उंच मुलगी ब्लाऊज घालून उभी. खांद्यापासून कमरेपर्यंत एक चुणी नाही. कापड ओतल्यासारखं. मला भरूनच आलं. हीच ती, जिला तू पट्टीखाली झाकायचीस. फोटोवाल्याने थांब म्हटलं, ती पाणी प्यायला वळली, आणि मी तिची पाठ पाहिली.

पाठीवर चिमटे होते, माय. कपडे वाळत घालायचे चिमटे. ढगळ ब्लाऊज मागून ओढून, गोळा करून, वरपासून खालपर्यंत चिमट्यांनी धरलेला. बोचकं बांधतात तसा. मी बाजूच्या मुलीला विचारलं, हे काय? ती म्हणाली, "फिटिंग." मी म्हटलं, आजच? ती माझ्याकडे मी नुकतीच जंगलातून आल्यासारखी पाहायला लागली. तशी मी आलेच होते. म्हणाली, "नेहमीच. कपडे सगळे एका मापाचे येतात, मुली वेगवेगळ्या. पाठ कोण बघतं?"

मी कुठेतरी जाऊन बसले. तू उसवत होतीस, शिवत होतीस, डोळे फोडत होतीस, आणि ज्या गोष्टीने ती चुणी जात होती ती तुझ्या डोक्यावर तारेला लटकत होती! हात वर केला असतास तर हाताला लागली असती. तुझा हात कमी पडला नव्हता. चिमटा लावलेल्या कापडाशी तू सुईने बरोबरी करत होतीस, आणि एकदा केलीसुद्धा. हे मला तुला सांगायचं होतं, त्याच मिनिटाला, धावत जाऊन. आणि तू नव्हतीस. तेव्हापासून हे माझ्याजवळ पडून आहे.

मग मासिक बदलत गेलं. आधी अंकात घडी घालून शिवणाचे नमुने असायचे, ते बंद झाले. वाचक आता शिवत नाहीत म्हणाले. सिरोंच्याहून, बल्लारपूरहून बायकांची पत्रं यायची, ही बाही कशी बेतायची, या गळ्याला अस्तर लागेल का. मी उत्तरं लिहायची आणि तुझी भाषा आपोआप कागदावर उतरायची. हळूहळू पत्रं थांबली. अंक बारीक झाला, जाहिराती जाड झाल्या, मग त्याही गेल्या. आता पोरी फोनमध्ये चित्र दाखवतात आणि टेलर म्हणतो, हो मॅडम, सेम होईल. मागे संपादकबाईंनी आम्हाला काही नवीन चित्रं दाखवली. सुंदर बाई, सुंदर ब्लाऊज. म्हणाल्या, ही बाई नाहीच आहे, संगणकाने केली. मी म्हटलं, चला, चिमट्यांचा तरी खर्च वाचला. अंगच नाही तर लावणार कुठे? सगळे हसले. मला मात्र तुझी पट्टी आठवली. या बाईचा चेहरा झाकला तर खाली काय उरतं गं?

दिवाळीत मी गडचिरोलीला गेले होते. सिस्टर तिथेच राहते, आता रिटायर झाली, केस सगळे पांढरे, नातवाला मांडीवर घेऊन अंगणात बसलेली. मी तिला चिमट्यांचं सांगितलं. आधी ती इतकी हसली की नातू घाबरला. मग पदराने डोळे पुसून म्हणाली, "मंग माझं अंग बरोबरच होतं म्हन." मी हो म्हटलं. "आन् मावशीचा हातही." मी हो म्हटलं. नातवाला मांडीवर नीट घेत म्हणाली, "तिले सांग न मंग." मी विचारलं, कसं सांगू? तर तिने मला तुझ्यासारखंच फटकारलं, "लिव्ह! लिहाचाच पगार घेते न तू?" निघताना पुन्हा हाक मारून म्हणाली, "आन् तुझ्या त्या फोटोतल्या बाईले एकडाव हात वर कराले लाव."

म्हणून शेवटच्या अंकाचं ठरलं तेव्हा मी संपादकबाईंकडे दोन पानं मागितली. इतक्या वर्षांत काही मागितलं नव्हतं, त्या नाही म्हणू शकल्या नाहीत. तुझी लोखंडी पेटी आता माझ्याकडेच असते, तिच्यातून मी तो मोरपंखी ब्लाऊज नेला. घडीच्या जागी थोडा विटलाय, बाकी जसाच्या तसा. उसवलेल्या टाक्यांची बारीक भोकं बाजूने ओळीने दिसतात. फोटोवाला म्हणाला, ती मी पुसून टाकतो. मी म्हटलं, हात लावू नको त्याला. मुलगी चांगली होती, लातूरकडची, तिने तो जपून अंगात घातला आणि विचारलं, "कुणी शिवलाय? आतून पण इतका स्वच्छ आहे." तुझी तुरपाई ती आतून बोटाने चाचपत होती. तिला तो ढगळच झाला, सिस्टरच्या मापाचा ना तो. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी ठरवून आले होते की चिमटे लावायचे नाहीत, जसा बसेल तसा छापायचा, चुण्यांसकट, आणि खाली लिहायचं की खरा ब्लाऊज असा दिसतो.

मी चिमटे मागवले. दोनच लागले, एक खांद्यांच्या मध्ये, एक कमरेपाशी. माझ्याच हाताने लावले आणि पुढे येऊन पाहिलं. माय, तोच फोटो. कमरेवर हात ठेवून उभी असलेली तीच बाई, तोच उजेड, एक चुणी नाही, कापड अंगावर ओतल्यासारखं. दोन चिमट्यांचं अंतर होतं फक्त. तिथे सगळे उभे होते म्हणून, नाहीतर मी टाळी वाजवली असती. पुढून फोटो झाला, मग मी पाठीचाही काढायला लावला, चिमट्यांसकट. शेवटी सिस्टरचं म्हणणं आठवून मुलीला म्हटलं, आता हात वर कर. तिने केला आणि खांद्यामधला चिमटा टक् करून उडाला तो थेट फोटोवाल्याच्या बुटावर. सगळा हॉल हसला. मी हसत हसत बाथरूममध्ये गेले आणि बराच वेळ नळ सोडून उभी राहिले.

दोन्ही फोटो छापलेत. पुढचा मोठा, पाठीचा शेजारी छोटा. खाली मी एकच ओळ लिहिली आहे, की हा ब्लाऊज मूलच्या एका बाईने शिवला आणि चिमटे मासिकाने लावले. एक अंक उद्या सिस्टरला पाठवते आहे. दुसरा तुझा, पण तो कुठे पाठवू? आपल्या सपरीत आता मोबाइल रिचार्जचं दुकान आहे. म्हणून हे पत्र त्याच अंकात घालून, ब्लाऊजच्या घडीत ठेवून, पेटी लावून टाकणार आहे.

आणि एक सांगते, सिस्टरला सांगू नको. तो पाठीचा फोटो छापून यावा म्हणून मी एवढा आटापिटा केला, खरं काय ते बायकांना दिसावं म्हणून. अंक आल्यापासून तो मी एकदाच पाहिला. पुढचा मात्र सारखा पाहून राह्यली. त्या पोरीच्या चेहऱ्यावर अंगठा ठेवते, तुझ्यासारखा, आणि खाली नुसता तुझा ब्लाऊज उरतो. बसला, माय. अगदी फोटोतल्यासारखा बसला. खोटा आहे हे मला माहीत आहे, मीच केलाय, आणि मला तोच आवडतो.